वजनाचा रकाना

काटा वाशाला टांगलेला असतो,
खाली हिरव्या कापडाची झोळी.
पाळणा म्हणावा तर आकडे दाखवते,
तराजू म्हणावा तर आत माणूस.

पहाटे चारला ओटिलियाची मुलगी झोळीत ठेवली
आणि काटा हललाच नाही असं वाटलं.
मग हलला.
एकोणीसशे.
मी टॉर्च जवळ नेला, पुन्हा वाचलं,
जवळून वाचलं की शंभर ग्रॅम वाढतात
असं जणू कुठे शिकवलं होतं मला.

दिवस पुरे भरलेले.
रडणं बारीक, मच्छरदाणीबाहेरच्या डासासारखं.
हनुवटी थरथरत होती सारखी.
थंडी नव्हती. वेवाकच्या किनाऱ्यावर थंडी कुठली?

विचारावं लागतं, म्हणून विचारलं :
रोज किती?
ओटिलियाने भिंतीकडे तोंड केलं.
"सकाळी मळमळायचं, सिस्टर.
एक चघळली की पोट गप्प बसायचं.
मग दुपारची. मग कुणीकुणी दिलेल्या.
दिलेली नको म्हणता येते का?"

नाही येत.
आमच्याकडे भांडण मिटलं की सुपारी,
बसमध्ये अनोळखी बाई शेजारी बसली की सुपारी,
मयताला आलेल्यांना आधी सुपारी, मग रडणं.
डब्यातला चुना, मोहरीच्या शेंगेसारखी वेलाची काडी,
आणि तोंडात एक छोटासा सूर्यास्त.

मी म्हटलं, वार म्हणजे चाळणी नव्हे, बाई.
तुला जे चढतं ते तिलाही चढतं.
तुझं उतरलं की तू दुसरी फोडतेस,
तिने कुणाकडे मागायची?

हे सगळं मी तोंडावर हात धरून बोलते.
बावीस वर्षं झाली, माझेही दात लालच आहेत.
बायका माझ्या हाताकडे बघतात
आणि त्यामागे काय आहे ते त्यांना ठाऊक असतं.

रकान्यात मी लिहिलं : वजन कमी.
कारणाच्या रकान्यात पेन थांबलं.
पाचव्या महिन्यात मलेरिया झालेला.
रक्त पांढुरकं पडलेलं.
आणि सुपारी.
तिघांनी मिळून चोरी केली
तर कुणाच्या नावावर किती ग्रॅम लिहायचे?

उजाडताना आजी आली, माकारिया,
बाजारातून थेट, बोटांना चुना तसाच.
तिने काटा पाहिला नाही, कागद पाहिला नाही.
दोन्ही तळहातांवर नातीला घेतलं,
जरा वर, जरा खाली केलं,
तीस वर्षं जशी ती फळांची पिशवी तोलते तशी,
आणि म्हणाली,
"पन्नास. ओल्या."

कुणी हसलं नाही.

"ही ओटिलिया सत्तर भरली होती.
मीही खायचे तेव्हा, खोटं कशाला बोलू."
मला वाटलं, आता हीच तिची पुराव्याची बाजू :
बघा, मी खाल्ली, मुलगी धडधाकट.
पण ती नातीचं पाऊल बोटांत धरून तशीच उभी राहिली.
"हिच्या आधीचा चाळीस होता," ती म्हणाली.
"दोन रात्री."

ओटिलियाने भिंतीकडचं तोंड इकडे वळवलं.
आपल्याआधी कुणी होतं
हे तिला आज सकाळी कळत होतं.

मग काम. मुलीला उघडी करून
आईच्या उघड्या छातीवर बांधली,
वरून लुगडं गच्च.
चमच्याने दूध, दर दोन तासांनी.
थरथर दुपारी वाढली, रात्री जराशी कमी,
तिसऱ्या दिवशी तिने बोट घट्ट धरलं. माझं.

माकारिया बाजारात परत गेलीच.
घरी जायचं बसभाडं त्याच ढिगातून येणार,
ओटिलियाची शाळाही त्यातूनच झाली होती.
संध्याकाळी तिच्यासमोरून गेले,
तिने नेहमीसारख्या पाच माझ्या हातात ठेवल्या,
पैसे घेतले नाहीत.

त्या एप्रनच्या खिशात आहेत.
चालताना मांडीला लागतात.
मी न बघता
त्यांचं वजन सांगू शकते.